एक-तीनच्या टेबलावर आठ तास: लास वेगासमधील पहिल्या लांब बैठकीची तयारी

कॅलिफोर्नियात किंवा ॲरिझोनात नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी सुट्टी जोडून लास वेगासला जातात, आणि भारतातून एखाद्या परिषदेसाठी तिथे गेलेल्यांच्याही वाट्याला एखादा मोकळा दिवस येतो. होल्डेम पोकरचे मूळ नियम, म्हणजे स्वतःचे दोन पत्ते, मधले पाच सामाईक पत्ते आणि पैज लावण्याच्या चार फेऱ्या, ज्यांना ठाऊक आहेत, पण कॅसिनोतल्या टेबलावर जे कधी बसलेले नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इथे गृहीत धरलेला खेळ म्हणजे १-३ डॉलरचा नो-लिमिट, म्हणजे समोरच्या सगळ्या पैशांपर्यंत पैज लावता येणारा, होल्डेम. लहान ब्लाइंड (डावाआधीची सक्तीची पैज) १ डॉलरचा, मोठा ब्लाइंड ३ डॉलरचा, आणि टेबलावर साधारण नऊ जण. वेगासच्या बहुतेक मोठ्या पोकर रूममध्ये सगळ्यात खालच्या पायरीवर हाच किंवा १-२ डॉलरचा खेळ असतो. त्या टेबलावर फार चतुर डावपेच लागत नाहीत. आठ तासांत माणसाची हुशारी जितकी कसाला लागते, त्यापेक्षा त्याची बैठक अधिक कसाला लागते.

तयारीची सुरुवात घरीच करावी, आणि ती तीन पत्तीच्या सवयी बाजूला ठेवण्यापासून करावी. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला भारी असतो. पोकरमध्ये नेमके उलटे आहे, तिथे एकाच रंगाचे पाच पत्ते, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सला भारी ठरतात. हा लहरी नियम नाही. बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून तीन पत्ते काढले तर साधे कलर १,०९६ प्रकारे आणि साधे सिक्वेन्स ७२० प्रकारे येऊ शकतात, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्ते काढले तर फ्लश ५,१०८ प्रकारे आणि सिक्वेन्स १०,२०० प्रकारे येतात, म्हणून तिथे फ्लश दुर्मीळ. त्याचप्रमाणे एक्का-दुर्री-तिर्रीला घरोघरी मोठा मान असला, तरी पोकरमध्ये एक्का ते पंजा हा सर्वांत लहान सिक्वेन्स आहे. 'ब्लाइंड' या शब्दाचा अर्थही वेगळा आहे: पत्ते न पाहता खेळणे असा नव्हे, तर डाव सुरू होण्यापूर्वी दोन ठरलेल्या जागांवरील खेळाडूंनी भरायची सक्तीची रक्कम. सर्वांत मोठा फरक मात्र पैशांचा आहे. दिवाळीच्या रात्री हरणारा माणूस शेजाऱ्याकडून उसने घेतो किंवा खिशात हात घालतो. कॅसिनोत डाव सुरू असताना टेबलावर जेवढ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, समोर आहेत तेवढ्याच खेळात असतात. त्यांत भर घालायची असेल तर दोन डावांच्या मध्ये घालता येते, आणि जिंकलेल्या चिप्स मात्र खेळत असेपर्यंत उचलून खिशात टाकता येत नाहीत.

आता हिशेब. पोकर कॅसिनोविरुद्ध नव्हे, तर एकमेकांविरुद्ध खेळला जातो, त्यामुळे कॅसिनो आपली कमाई प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, ठरावीक टक्केवारी कापून घेते. तिला रेक म्हणतात. सामान्यतः ती पॉटच्या १० टक्के असते आणि तिला काही डॉलरची कमाल मर्यादा असते. शिवाय अनेक ठिकाणी बक्षीस-योजनांसाठी आणखी एक-दोन डॉलर वेगळे काढले जातात. ही मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्याने बसण्यापूर्वी काउंटरवर विचारावी. उदाहरणार्थ, दर डावामागे सरासरी ४ डॉलर टेबलावरून गेले आणि तासाला ३० डाव झाले, तर तासाला १२० डॉलर कमी होतात, म्हणजे नऊ जणांत प्रत्येकी सुमारे १३. पॉट जिंकल्यावर डीलरला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्याला, १ डॉलर द्यायची रीत आहे, आणि नऊ जणांत समान वाटणी धरली तर तासाला तीनेक पॉट तुमच्या वाट्याला येतील. पेय आणून देणाऱ्या वाढपिणीला प्रत्येक वेळी एक-दोन डॉलर द्यावे लागतात. हे सगळे धरून, कोणाचीही चूक न होता, खुर्चीचे भाडे तासाला सतरा-अठरा डॉलर पडते आणि आठ तासांचे १४० च्या आसपास. हा आकडा आधीच मनाशी बाळगला, तर दिवसअखेर शंभर डॉलर कमी भरले म्हणून जीव कासावीस होत नाही.

एका वेळी टेबलावर किती रक्कम घेऊन बसायचे, याला बाय-इन म्हणतात. १-३ च्या टेबलावर साधारण १०० पासून ३०० किंवा ५०० डॉलरपर्यंत परवानगी असते. माझे मत असे आहे की नवख्याने ३०० डॉलर घेऊन बसावे, आणखी ३०० खोलीच्या तिजोरीत ठेवावेत, आणि हे ६०० म्हणजे गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशीच रक्कम असावी. १०० घेऊन बसणाऱ्याला स्वस्तात खेळल्यासारखे वाटते, पण दोन पैजांतच त्याचे सगळे पणाला लागते आणि खेळायला काही उरत नाही. बँकेचे कार्ड टेबलाजवळ आणू नये. कॅसिनोतल्या एटीएमचे शुल्क जबर असते, आणि पैसे संपल्यावर त्या यंत्राकडे चालत जाणाऱ्या माणसाचा निर्णय सहसा थंड डोक्याने घेतलेला नसतो.

गोव्यात हाच प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी हिशेब वेगळा मांडावा. मांडवीतल्या जहाजांवर आणि हॉटेलांतल्या कॅसिनोंत एकवीस वर्षांखालील व्यक्तीला आणि स्थानिक गोवेकरांना प्रवेश नाही. शिवाय चिप्स घेण्यासाठी भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. वरचे ताशी गणित तिथे तसेच लागू करता येत नाही.

वेगासमध्येही वयाची अट एकवीसच आहे, आणि केस पांढरे झाले असले तरी ओळखपत्र मागितले जाऊ शकते. भारतातून आलेल्याने मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. आल्या रात्रीच खेळायला बसू नये, हे मी आग्रहाने सांगेन: पुणे आणि वेगास यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर असते, त्यामुळे पहाटे तीन वाजता टक्क जाग येते, आपण ताजेतवाने आहोत असे वाटते, आणि दोन तासांनी पत्ते दोनदा पाहूनही लक्षात राहत नाहीत. एक पूर्ण झोप झाल्यावर, दुपारी जेवून दोनच्या सुमारास बसावे आणि रात्री दहाला उठावे. दुपारी टेबलावर निवृत्त स्थानिक लोक अधिक असतात. ते सावध खेळतात, आणि नवख्याला रीतिभाती पाहायला शांत वेळ मिळतो. संध्याकाळनंतर सुट्टीवर आलेले, जेवून-पिऊन आलेले लोक बसू लागतात आणि पॉट मोठे होतात. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पोकरची जागतिक मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, शहरात भरते. तेव्हा गर्दी प्रचंड असते आणि लहान टेबलावरही तयारीचे खेळाडू भेटतात. पहिल्या बैठकीसाठी तो काळ टाळलेला बरा.

बेलाजिओ, आरिया, व्हेनेशियन, विन यांच्याकडे मोठ्या पोकर रूम आहेत. रूमच्या तोंडाशी काउंटर असतो. तिथे खेळ कोणता हवा ते सांगून नाव नोंदवायचे आणि यादीत आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचे. 'ब्राव्हो पोकर' या ॲपवर अनेक रूममधली टेबले आणि प्रतीक्षायादी दिसते. नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, त्यामुळे ज्ञानेश्वर किंवा मृण्मयी असे नाव दिले तर ते आपलेच आहे हे ओळखता येत नाही आणि जागा दुसऱ्याला जाते. दोन आद्याक्षरे देणे सोपे. त्याच वेळी खेळाडू-कार्ड करून घ्यावे. ते फुकट मिळते आणि बसलेल्या तासांप्रमाणे त्यावर थोडी रक्कम जमते, जिच्यातून निदान एक सँडविच तरी सुटते.

टेबलावर जागा मिळाली की चिप्सचे रंग ओळखून घ्यावेत: लाल ५ डॉलरची, हिरवी २५ ची, काळी १०० ची, १ डॉलरची चिप बहुधा पांढरी किंवा निळी असते. डीलरच्या अगदी डाव्या-उजव्या हाताच्या जागांवरून निम्मे टेबल दिसत नाही, आणि आठ तास मान वळवून बसणे सोपे नसते. समोरची जागा रिकामी झाली की ती मिळावी असे डीलरला आधीच सांगून ठेवता येते. पहिला डाव केव्हा मिळेल, ब्लाइंड आधी भरायचा की आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, हेही डीलरलाच विचारावे. आपण नवीन आहोत हे सांगण्यात कमीपणा नाही. उलट तसे सांगितले की डीलर अडखळलेल्या माणसाला सांभाळून घेतो.

टेबलावरच्या रीतींकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण नवख्याचे पैसे वाईट पत्त्यांपेक्षा इथे अधिक जातात. पैज वाढवायची असेल तर चिप्सना हात लावण्यापूर्वी 'रेझ' हा शब्द आणि एकूण रक्कम मोठ्याने उच्चारावी. ३ डॉलरचा ब्लाइंड समोर असताना तुम्ही न बोलता २५ ची एक हिरवी चिप टाकली, तर मनात पंधरापर्यंत वाढवायचे असले तरी ते फक्त ३ डॉलरचे 'कॉल' धरले जाते. एक मोठी चिप मुकाट्याने टाकणे म्हणजे केवळ बरोबरी करणे, असा तो नियम आहे. आधी थोड्या चिप्स पुढे सरकवून, समोरच्याचा चेहरा पाहून, मग आणखी सरकवणे हेही चालत नाही. चिप्स पॉटमध्ये फेकू नयेत, स्वतःच्या समोर नीट ठेवाव्यात. पॉटमध्ये ओढण्याचे काम डीलरचे. आपली पाळी येण्यापूर्वी पत्ते टाकू नयेत, कारण त्यामुळे मागच्या खेळाडूला अशी माहिती मिळते जी त्याला मिळायला नको. स्वतःचे दोन पत्ते टेबलाच्या वर उचलू नयेत, कोपरा वाकवून पाहावेत आणि त्यांवर एक चिप ठेवावी. चिप न ठेवलेले पत्ते डीलरने चुकून ओढून नेले तर सहसा परत मिळत नाहीत. शेवटी पत्ते दाखवायची वेळ आली, तर दोन्ही पत्ते उताणे ठेवावेत आणि पॉट आपल्याकडे सरकवला जाईपर्यंत ते सोडू नयेत. तुम्ही तोंडाने काय म्हणालात याला तिथे अर्थ नाही. डीलर पत्ते वाचतो. त्यामुळे आपल्याला न दिसलेला फ्लशही आपल्याला मिळतो, मात्र पत्ते उताणे असतील तरच.

मराठी माणसाला अडचणीत आणणारा आणखी एक नियम असा की डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजीत बोलायचे. माझ्या पहिल्या बैठकीत शेजारी बसलेल्या मित्राला मी पत्ते टाकून झाल्यावर "हा माणूस थापा मारतोय" एवढेच म्हणालो. डीलरने खेळ थांबवून मला समज दिली, आणि ती योग्यच होती, कारण त्या डावात मित्र अजून खेळत होता. एका डावाचा निर्णय एकाच माणसाने घ्यायचा असतो. दुसऱ्या भाषेतली कुजबुज म्हणजे संगनमताचा संशय. मित्राचे पैसे जाऊ नयेत म्हणून त्याच्याविरुद्ध मुद्दाम सौम्य खेळणे हेही याच सदरात मोडते. म्हणून चौघे मिळून गेलात तर चार टेबलांवर बसा आणि जेवायला एकत्र या. डावात असताना फोनवर बोलू नये, हे ओघानेच आले.

आठ तासांत तुमच्या वाट्याला काय येईल, याची अपेक्षा वास्तव असावी. तासाला ३० डाव धरले आणि विश्रांतीचा वेळ वजा केला, तर साधारण २२० डाव होतात. दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा असते, म्हणजे दिवसभरात ते बहुधा एकदा येतील, किंवा येणारही नाहीत. कोणतीही जोडी सतरा डावांत एकदा येते, म्हणजे तेराएक वेळा. लहान जोडी हाती असताना पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, म्हणजे फ्लॉपमध्ये, तिसरा तसाच पत्ता पडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आहे, म्हणजे तेरा जोड्यांतून जेमतेम दीड वेळा. दिवसाचा सगळा नफा-तोटा अशा तीन-चार डावांवर ठरतो. बाकीचे दोनशेहून अधिक डाव पत्ते टाकण्यात आणि लहानसहान पॉटमध्ये जातात. नवखा माणूस तिसऱ्या तासाला कंटाळतो आणि "इतक्या लांब आलो ते पत्ते टाकायला का" म्हणून राजा-सत्ती घेऊन डावात उतरतो. फ्लॉपवर राजा पडतो, समोरच्याकडे राजा-राणी असते, आणि दोन तासांचा संयम एका डावात फुकट जातो.

म्हणून पहिल्या बैठकीसाठी खेळ अगदी साधा ठेवावा. एक्का-राजा, एक्का-राणी, दहा किंवा त्याहून मोठ्या जोड्या असल्या की पैज वाढवावी, आणि या टेबलावर ती नऊ डॉलरने न वाढवता बारा-पंधराने वाढवावी, कारण इथले लोक बरोबरी करायला नेहमीच तयार असतात. लहान जोडी असेल तर पंधरा डॉलरपर्यंत बरोबरी करायला हरकत नाही, मात्र दोघांच्याही समोर आणखी निदान दोनशे डॉलर असावेत. नाहीतर दीड वेळा लागणारा डाव बाकीच्या वेळचा खर्च भरून काढत नाही. बटण, म्हणजे त्या डावापुरत्या नाममात्र वाटणाऱ्याच्या जागेची, दर डावाला पुढे सरकणारी खूण, तुमच्या समोर असेल तेव्हा सर्वांत शेवटी बोलण्याची संधी असते, म्हणून तिथे थोडे अधिक डाव खेळावेत. ब्लाइंडनंतर लगेचच्या जागेवर मात्र कंजूष व्हावे. एकाच रंगाचे चार पत्ते झाले आणि दोन पत्ते यायचे असले, तर फ्लश पुरा होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते; एकच पत्ता उरला की ती २० टक्क्यांच्या आत येते. ५० डॉलरच्या पॉटमध्ये समोरच्याने आणखी ५० लावले आणि एकच पत्ता उरला असेल, तर १०० मिळवण्यासाठी ५० घालणे हा घाट्याचा सौदा आहे, मग तो पत्ता 'येणारच' असे कितीही वाटो.

थापा मारण्याचा, म्हणजे ब्लफचा, मोह आवरावा. एक-तीनच्या टेबलावरचे लोक पत्ते टाकायला आलेले नसतात. त्यांना समोरच्याचे पत्ते पाहायचे असतात, आणि त्यासाठी ते पैसे देतात. चांगले पत्ते असताना भरपूर लावणे हाच तिथला खरा डावपेच आहे. याउलट, चार तास गप्प बसलेले आजोबा शेवटच्या पत्त्यावर अचानक तुमची पैज दुप्पट-तिप्पट करतात, तेव्हा हाती एक्क्यांची जोडी असली तरी ती टाकून द्यावी. हे वाचायला सोपे आहे. मला शिकायला बरेच डॉलर लागले.

शरीराची काळजी हा विषय नवखे हसण्यावारी नेतात. कॅसिनोत घड्याळ आणि खिडकी सहसा नजरेस पडत नाहीत, म्हणून मनगटावर घड्याळ असावे. वातानुकूलन इतके कडक असते की उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, आणि वाळवंटातल्या कोरड्या हवेत घसा सुकतो. पेये फुकट मिळतात, पण दारू बैठक संपेपर्यंत नको. पाण्याची बाटली सोबत असावी, कारण मागवलेले पाणी यायला वीस मिनिटेही लागतात. डीलर साधारण अर्ध्या तासाने बदलतात. दर चौथ्या बदलाला उठून बाहेर एक चक्कर मारायची, असा नेम केला की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. तुम्ही नसताना ब्लाइंडची पाळी गेली तर तुमच्या चिप्ससमोर खूण ठेवतात आणि परतल्यावर ती रक्कम भरावी लागते; फार वेळ गेलात तर चिप्स उचलून जागा दुसऱ्याला देतात. त्यामुळे जेवणाला जाताना डीलरला सांगून जावे आणि किती वेळ मिळतो ते विचारून घ्यावे. घरून आणलेला चिवडा टेबलावर काढू नये, तेलकट बोटांचे डाग पत्त्यांवर पडतात. खजूर किंवा शेंगदाण्याची वडी कागदात गुंडाळून खाता येते, आणि तीही चक्कर मारताना खाल्लेली बरी.

पाचव्या-सहाव्या तासाला स्वतःची तपासणी करावी. मागचा डाव कोणी जिंकला हे सांगता येते का? स्वतःचे पत्ते पुन्हा पुन्हा पाहावे लागतात का? ज्याने मघाशी मोठा पॉट नेला त्या माणसाशीच खेळावे, असे मनात येते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर घड्याळात किती वाजलेत हे न पाहता उठावे. दोन्ही बाय-इन गेले तरी उठावे. जिंकत असताना उठण्याचा नियम थोडा वेगळा: समोर सातशे-आठशे डॉलर जमले की प्रत्येक चूक पूर्वीपेक्षा महाग होते, कारण तितकाच मोठा ढीग असलेला दुसरा खेळाडू तुमचे सगळे पणाला लावू शकतो. एवढ्या मोठ्या ढिगांनी खेळण्याची सवय नसेल तर ठरलेल्या वेळेआधी उठण्यातही गैर काही नाही, आणि त्यासाठी कोणाला कारण सांगावे लागत नाही.

उठायचे ठरले की मोठ्या ब्लाइंडची पाळी येईपर्यंत डाव खेळावेत, कारण त्यांचे पैसे आधीच्या फेरीत भरलेले असतात. डीलरकडून रॅक, म्हणजे चिप्स ठेवायचा ट्रे, मागावा. एका रॅकमध्ये शंभर चिप्स बसतात, म्हणजे लाल चिप्सचा भरलेला रॅक ५०० डॉलरचा. चिप्स घेऊन 'केज' म्हणतात त्या रोखपालाच्या खिडकीवर जावे आणि नोटा त्याच्यासमोरच मोजाव्यात. उद्या परत खेळू म्हणून चिप्स खिशात नेऊ नयेत. एका कॅसिनोच्या चिप्स दुसऱ्यात चालत नाहीत, आणि विमानतळावर त्यांची आठवण झाली तर उपयोग नसतो. रोख रक्कम घेऊन रस्त्याने पायी जाण्यापेक्षा शक्यतो ज्या हॉटेलात उतरला असाल तिथेच खेळावे, म्हणजे लिफ्टने थेट खोलीत जाता येते.

खोलीत गेल्यावर झोपण्यापूर्वी वहीत तारीख, जागा, बसल्याची व उठल्याची वेळ, आणलेली आणि नेलेली रक्कम लिहावी. अमेरिकेत कर भरणाऱ्यांना ही वही खरोखर लागते: जिंकलेली रक्कम उत्पन्नात दाखवावी लागते, आणि २०२५ च्या कायद्यानुसार २०२६ पासून हरलेल्या रकमेपैकी ९० टक्केच, तीही जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेत, वजा करता येते. त्याच पानावर ज्या तीन-चार डावांनी दिवस ठरवला ते पत्त्यांसह उतरवून ठेवावेत. कोणते पत्ते पाहून आपण पैसे घातले, हे दुसऱ्या दिवशी सकाळी आठवत नाही.